जलविद्युतनिर्मितीचे जीवनचक्र आणि पर्यावरणीय परिणाम : कोयना प्रकल्पाच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : जलविद्युत, जीवनचक्र मूल्यमापन, कोयना, खोरेबदल, माणदेश, उदंचन.

प्रस्तावना

पदवी अभ्यासक्रमातील पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जलविद्युतीसाठी तीन विशेषणे ठरलेली असतात : स्वच्छ, स्वस्त आणि अक्षय. कोळसा जळत नाही, धूर निघत नाही, पाणी वापरले तरी संपत नाही, असा त्यामागील युक्तिवाद असतो. पुढे एका परिच्छेदात विस्थापन व जंगलबुडीचा उल्लेख येतो आणि विषय सौरऊर्जेकडे वळतो. मार्च २०१९ मध्ये केंद्र शासनाने २५ मेगावॅटपेक्षा मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. त्यामुळे ही विशेषणे आता केवळ पाठ्यपुस्तकापुरती राहिलेली नाहीत. ती धोरणाची आणि भांडवल गुंतवणुकीचीही झाली आहेत. ती कितपत टिकतात, हे तपासण्यासाठी जगभर जे साधन वापरले जाते त्यास जीवनचक्र मूल्यमापन असे म्हणतात. प्रस्तुत लेखात हे साधन कोयना प्रकल्पास लावून पाहिले आहे. तसे करताना प्रकल्पाबरोबरच साधनाचीही परीक्षा होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची आहे.

ही चिकित्सा माण तालुक्यातून लिहिली जात आहे, हे सुरुवातीसच नमूद करणे योग्य होईल. कोयनानगर आणि दहिवडी ही दोन्ही ठिकाणे सातारा जिल्ह्यातच असून त्यांच्यातील सरळ रेषेतील अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. एकीकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर दुसरीकडे जेमतेम ५०० मिलिमीटर. जिल्हा एकच असला तरी पाण्याच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र देश आहेत.

साधनाचा परिचय

जीवनचक्र मूल्यमापनाचे तत्त्व सोपे आहे. एखाद्या वस्तूचा पर्यावरणावरील भार मोजताना ती वापरात असतानाचा भार तेवढा मोजून भागत नाही. कच्चा माल काढण्यापासून बांधकाम, वापर, देखभाल आणि अखेरीस विसर्जन येथपर्यंतची बेरीज करावी लागते. आयएसओ १४०४० या मानकाने १९९७ मध्ये या पद्धतीस चौकट दिली व २००६ मध्ये ती सुधारली. या चौकटीत दोन निर्णय अभ्यासकास आधीच घ्यावे लागतात. पहिला, 'कार्यात्मक एकक' कोणते. विजेच्या बाबतीत ते बहुधा एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, असते. दुसरा, 'प्रणालीची सीमा' कोठे आखायची. पुढचे गणित यंत्रवत होते. मात्र त्या गणिताचे उत्तर या दोन निर्णयांतच बरेचसे ठरून गेलेले असते.

हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) २०१४ च्या पाचव्या मूल्यांकन अहवालात विविध ऊर्जास्रोतांचे जीवनचक्र उत्सर्जन दिले आहे. कोळशाच्या विजेचा मध्यांक युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सममूल्य आहे, मोठ्या सौरप्रकल्पांचा ४८, जमिनीवरील पवनऊर्जेचा ११ आणि जलविद्युतीचा २४. येथवर पाठ्यपुस्तक बरोबर ठरते. परंतु त्याच तक्त्यातील जलविद्युतीची कमाल व किमान मूल्ये पाहिली की वाचक थबकतो. किमान १ ग्रॅम, कमाल २,२०० ग्रॅम. इतका विस्तार अन्य कोणत्याही स्रोताच्या वाट्याला आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासातही जलविद्युतीचे आकडे ६ पासून १४७ ग्रॅमपर्यंत पसरलेले आहेत. अर्थात 'जलविद्युत' या एका शब्दाखाली एकमेकांशी फारसे साम्य नसलेले प्रकल्प एकत्र बसविले गेले आहेत. अशा वेळी मध्यांक सांगणे म्हणजे महाबळेश्वर आणि म्हसवड यांच्या पावसाची सरासरी काढून ती जिल्ह्याचे हवामान म्हणून शिकविण्यासारखे आहे.

कार्बनच्या कसोटीवर कोयना

या विस्ताराचे मुख्य कारण जलाशय हे आहे. बुडालेली झाडे, माती व पालापाचोळा प्राणवायूविना कुजतात आणि मिथेन तयार होतो. उष्ण कटिबंधात ही क्रिया वेगाने होते. ब्राझीलमधील बल्बिना धरणाने सुमारे २,३६० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातील बहुतांश वर्षावन, बुडवून केवळ २५० मेगावॅट क्षमता मिळविली. त्याचे उत्सर्जन कोळशाच्या केंद्रालाही मागे टाकणारे ठरले. म्हणूनच स्वच्छ विकास यंत्रणेच्या कार्यकारी मंडळाने २००६ मध्ये 'शक्तिघनता' हा निकष आणला. जलाशयाच्या दर चौरस मीटरमागे स्थापित क्षमता ४ वॅटपेक्षा कमी असेल तर प्रकल्प अपात्र ठरतो, आणि १० वॅटपेक्षा अधिक असेल तर जलाशयाचे उत्सर्जन नगण्य मानले जाते.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे क्षेत्र सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे आणि चारही टप्पे व पायथा विद्युतगृह मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. भागाकार १७ वॅट येतो. बल्बिनाचा ०.१ येतो. कोयना या परीक्षेत विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण होते असे म्हणण्यास हरकत नाही. कारण उघड आहे. पाणी धरणाच्या उंचीवरून पडत नाही. ते सह्याद्रीच्या कड्यावरून पोफळीकडे सुमारे ४७५ मीटर खाली उतरते आणि कोळकेवाडीहून पुढे आणखी सुमारे ११० मीटर. एवढी उंची निसर्गाने दिलेली असल्यामुळे थोड्या पाण्यात पुष्कळ वीज मिळते. धरणाचे बांधकामही रबल काँक्रीटचे आहे. मोठे दगड रचून त्यांच्या फटी काँक्रीटने भरण्याच्या या पद्धतीत सिमेंट वाचते. म्हणजे बांधकामाचा कार्बनभारही तुलनेने हलका. १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी छिद्र पाडून पाणी घेण्याचे जे काम झाले, ते अभियांत्रिकीच्या इतिहासात नोंद व्हावे असेच आहे. या प्रकल्पाने मुंबई-पुण्याच्या उद्योगांना आधार दिला आणि सायंकाळच्या शिखर मागणीच्या वेळी आजही दिला जातो, हे नाकारणारा टीकाकार अप्रामाणिक ठरेल.

मग तक्रार कशाची? एका युनिटमागे किती ग्रॅम, हा प्रश्न विचारला तर कोयनेकडून फार चांगले उत्तर मिळते. परंतु तो प्रश्न पुरेसा आहे काय, हे ते उत्तर सांगू शकत नाही.

सीमेबाहेर राहिलेला भूकंप

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ ते ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयात पाणी साठू लागून जेमतेम सहा वर्षे झाली होती. जलाशयप्रेरित भूकंपाचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणून आज कोयनेचा दाखला दिला जातो. १९८५ नंतर वारणा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे विस्तारला. या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी कऱ्हाडजवळ हजारमाची येथे केंद्र शासनाने स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा उभारली, आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधविवर २०१७ मध्ये पूर्ण झाले.

आता हा भूकंप जीवनचक्राच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायचा? रकानाच नाही. भूकंपाने धरणाच्या सांडव्याबाहेरील भागास तडे गेले. पुढे आधारभिंती घालून तो भाग मजबूत करण्यात आला आणि २००० नंतरच्या दशकात सांडव्याच्या भागाचेही मजबुतीकरण झाले. हे वाढीव काँक्रीट तत्त्वतः 'देखभाल' या सदरात मोजता येते, आणि चांगला अभ्यासक ते मोजेलही. परंतु १९६२ मध्ये बसून कोणी हे मूल्यमापन केले असते तर त्यात हे काँक्रीट आले नसते, कारण पद्धती नियमित व सरासरी घटना गृहीत धरते. मृत माणसे तर कोणत्याच सममूल्यात बसत नाहीत. त्यांचे ग्रॅममध्ये रूपांतर होऊ शकत नाही, एवढ्याच कारणास्तव ती सीमेबाहेर जातात. ही पद्धतीची मर्यादा म्हणून मान्य केली जाते, हे खरे. पण अंतिम तक्ता जेव्हा धोरणाच्या टेबलावर पोहोचतो तेव्हा मर्यादांचा परिच्छेद मागे राहिलेला असतो.

विस्थापनाचेही असेच आहे. कोयनेचे पाणी चढले तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ मध्ये आला. खोऱ्यातील लोक सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगले. काही जण डोंगरात वर सरकले. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि वर सरकलेल्यांपुढे स्थलांतराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१८ मध्येही कोयनानगर येथे प्रकल्पग्रस्तांना आंदोलनास बसावे लागले. ज्या प्रकल्पाचे पहिले जनित्र १९६२ मध्ये फिरले, त्याचा 'बांधकाम टप्पा' जीवनचक्राच्या भाषेत केव्हाच संपला. प्रकल्पग्रस्तांच्या दृष्टीने तो अजून चालू आहे. दुसरीकडे, अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१२ चा जागतिक वारसा दर्जा यांमुळे जलाशयाभोवतीचे जंगल टिकले. ही जमेची बाजूही त्याच तक्त्यात येत नाही.

मराठी साहित्याच्या अध्यापकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोजमापाच्या विद्येने जे सीमेबाहेर ठेवले ते आपल्या कादंबरीने आत घेतले आहे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीत धरणग्रस्तांच्या जमिनीचे, मोबदल्याचे आणि सरकारी कचेऱ्यांतील हेलपाट्यांचे जे तपशील येतात ते एका अर्थाने धरणाच्या जीवनचक्राचीच नोंद आहेत. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, विद्यापीठांनी ती अभ्यासक्रमास लावली. पण पर्यावरणशास्त्राच्या तासाला तिचे नाव निघत नाही. विद्याशाखांमधील भिंती किती पक्क्या आहेत, याचा हा नमुना. बहुविद्याशाखीय म्हणविणाऱ्या नियतकालिकांनीही त्याचा विचार करावयास हवा.

खोरे बदललेले पाणी

प्रस्तुत लेखातील मुख्य मुद्दा पुढे आहे. वीज तयार करून पाणी 'परत' नदीत सोडले जाते, म्हणून जलविद्युत पाणी वापरत नाही, असे मानण्याची पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी ते खरेही असते. कोयनेत मात्र पाणी ज्या नदीतून घेतले तिच्यात परत जात नाही. ते कृष्णेच्या खोऱ्यातून उचलून वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडले जाते. बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात या पश्चिमेकडील वळवणुकीस वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. टाटांच्या धरणांमधूनही भीमा खोऱ्यातील पाणी अशाच रीतीने पश्चिमेस जाते. त्यासाठी लवादाची मर्यादा सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट आहे. माणगंगा ही भीमेचीच उपनदी. म्हणजे माणदेशाच्या दृष्टीने वरच्या अंगाने दोन्ही नळ पश्चिमेस उघडले आहेत. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो जमिनीसाठी होता. पाण्याच्या दिशेचा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे आला नव्हता.

हा प्रश्न भावनेवर सोडू नये, म्हणून ढोबळ हिशोब करून पाहू. ६७.५ अब्ज घनफूट म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. एक घनमीटर पाणी ५८५ मीटर खाली आले आणि यंत्रणेची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर सुमारे १.४ युनिट वीज मिळते. एकूण सुमारे २६८ कोटी युनिट. १,९६० मेगावॅट क्षमता वर्षभर अखंड चालली असती तर याच्या सहापटीहून अधिक वीज झाली असती. यावरून हे केंद्र प्रामुख्याने शिखर मागणीसाठी आहे हेही स्पष्ट होते. (येथेही कार्यात्मक एकक अपुरे पडते. सायंकाळी सात वाजताचे युनिट आणि मध्यरात्रीचे युनिट तक्त्यात सारखेच मोजले जाते. या बाबतीत अन्याय कोयनेवर होतो.)

आता तेच एक घनमीटर पाणी पूर्वेस वाहू दिले असे समजा. ते कोयना नदीतून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येईल. पण माणदेश तेथून चढावर आहे. पाणी आपणहून येणार नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर या साऱ्या उपसा योजना म्हणूनच निर्माण झाल्या. उदाहरणादाखल एकूण ३०० मीटर उपसा आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली, तर एका घनमीटरला सुमारे १.१७ युनिट वीज लागते. म्हणजे पाणी पूर्वेस वळविण्याची ऊर्जेतील किंमत दुहेरी आहे : बुडालेली १.४ युनिट आणि खर्ची पडलेली १.१७ युनिट, एकूण अडीच युनिटांहून थोडी अधिक. उपशाची वीज कोळशाची असेल तर माणदेशात पोहोचलेल्या प्रत्येक घनमीटरमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असेल.

दुष्काळी चळवळीतील काही मंडळींना हा हिशोब रुचणार नाही, याची जाणीव आहे. 'कोयनेचे पाणी समुद्राला वाया जाते' ही घोषणा सभेत टाळ्या घेते. पण त्या पाण्याला वर आणण्यासाठी वीज कोठून आणायची, याचे उत्तर त्या घोषणेत नाही. वीजबिल न भरल्यामुळे उपसा योजनांचे पंप बंद राहिल्याचे या भागाने अनेकदा पाहिले आहे. तथापि हिशोबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९१ कोटी घनमीटर पाणी, हेक्टरी ५,००० घनमीटर या दराने व वहनव्यय न धरता, ३.८ लाख हेक्टरांवरील एका हलक्या पिकाला पुरते. हा आकडा प्रत्यक्षात येणार नाही. त्याच्या निम्माही आला तरी पुष्कळ. या शक्यतेची किंमत एका युनिट विजेच्या पर्यावरणीय भारात कोठेही लिहिलेली नसते. ज्या प्रदेशात २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये म्हसवडला जनावरे छावणीत बांधावी लागली, जेथील तरुण गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेले, तेथे या कोऱ्या रकान्याला काही अर्थ आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा शेवट गाव रिते होण्यात होतो. कोयनेच्या धरणाचे काम सुरू असतानाच, १९५५ मध्ये, ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध कोणी जोडला नाही, आणि तेव्हा जोडण्याचे कारणही नव्हते.

पश्चिमेकडील टोकालाही परिणाम आहेतच. अवजल वाशिष्ठीत उतरते आणि बारमाही नसलेल्या नदीला बारमाही प्रवाह मिळतो. चिपळूण परिसरातील उद्योगांना व वस्त्यांना त्याचा उपयोग झाला. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर मात्र कोळकेवाडीतून होणाऱ्या विसर्गाविषयी तीव्र वाद झाला. अतिवृष्टीचा वाटा किती आणि विसर्गाचा किती, हा जलशास्त्राचा विषय आहे. एवढे मात्र खरे की वाशिष्ठीच्या पुराचा विचार करताना सह्याद्रीपलीकडच्या धरणाचा विचार करावा लागतो. अशी नदी जीवनचक्राच्या कोणत्या सीमेत बसवायची?

आयुष्याची अखेर

जीवनचक्रातील शेवटचा टप्पा विसर्जनाचा. त्याविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण आपल्याकडे प्रकल्प अहवाल तेथपर्यंत जात नाहीत. अमेरिकेत एल्वा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, तेव्हा शतकभर साठलेला गाळ सोडताना वर्षानुवर्षे नियोजन करावे लागले. त्यांतील उंच धरण ६४ मीटरचे होते. कोयनेचे १०३ मीटर आहे. मूल्यमापनात धरणाचे आयुष्य ५० वर्षे धरले की १५०, यावर बांधकामाचा युनिटमागील भार तिप्पट किंवा एकतृतीयांश होतो. विसर्जन वगळण्याचा आणि आयुष्य लांबविण्याचा कल एकाच दिशेने काम करतो, हे सांगणे न लगे.

उदंचन प्रकल्पांच्या निमित्ताने

वरील चर्चा केवळ इतिहासाची असती तर तिला मर्यादित महत्त्व राहिले असते. परंतु घाटघर येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या २५० मेगावॅटच्या उदंचन केंद्रानंतर आता सह्याद्रीच्या कड्यावर अशा अनेक प्रकल्पांचे प्रस्ताव आहेत. पाटण तालुक्यातील तारळी आणि कोयना-निवकणे ही नावे त्यांत आहेत. उदंचन प्रकल्प वीज निर्माण करीत नाही, ती साठवितो. खाली सोडलेले पाणी पुन्हा वर चढविताना शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. त्यामुळे त्याचे 'हरितपण' पंप कोणत्या विजेवर चालतो यावर ठरते. सौरविजेवर चालला, तर परत मिळालेल्या युनिटचा भार सुमारे ६० ग्रॅम येईल; कोळशाच्या विजेवर चालला, तर हजाराच्या वर जाईल. एकच धरण, एकच यंत्र, आणि उत्तर सोळा-सतरा पटींनी वेगळे. पर्यावरणीय अहवालात मात्र पंपाच्या विजेचा स्रोत तासागणिक सांगण्याची प्रथा नाही.

पाण्याचा मुद्दा याहून निकडीचा आहे. दोन्ही जलाशय प्रथम भरण्यासाठी पाणी लागेल आणि त्यानंतर दरवर्षी बाष्पीभवनाची तूट भरून काढावी लागेल. हे पाणी कृष्णा खोऱ्यातील महाराष्ट्राच्या ५६० अब्ज घनफुटांच्या मूळ वाट्यातून येणार असेल, तर ते कोणत्या लाभक्षेत्राच्या नावावरून वजा होणार, याची नोंद अहवालाच्या पहिल्याच पानावर असावयास हवी. जिहे-कठापूर आणि टेंभूच्या शेवटच्या टोकावरील गावे त्याच वाट्यावर अवलंबून आहेत. जनसुनावण्या मात्र प्रकल्पस्थळी पाटण तालुक्यात होतात. तेथे माण, खटाव, आटपाडीचे शेतकरी बाधित म्हणून नोंदले जात नाहीत.